भुजंगरावांचा बाजार

मला सांगा, दुसऱ्याच्या दारातली रांगोळी उचलून आपल्या दारात मांडता येते का? नाही ना! पण मॉड पळवता येतं. राजा उदयभानाचे मेहुणे भुजंगराव यांनी ते दिवसाढवळ्या पळवलं.

त्या राज्यात लहानथोर सगळे संगणकावर ‘गडझुंज’ नावाचा गेम खेळत. तोफा डागायच्या, गड घ्यायचा, बस! हौशी मंडळी त्यात आपल्या कल्पनेची भर घालत. तिला मॉड म्हणत आणि ‘चावडी’ नावाच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवत. चावडीची रीत साधी होती. दुसऱ्याचं काही घ्यायचं तर विचारून घ्यायचं आणि त्याचं नाव वर लिहायचं.

कासाराच्या मंजुळेने गडाच्या पायथ्याशी अख्खा बाजार भरवला होता. बांगड्यांची दुकानं, फिरता पाळणा, तळ्यात डुंबणाऱ्या म्हशी, झुलत चालणारा हत्ती! हत्तीची चाल रहीमचाचा लोहारांनी केलेली, घंटांचा नाद गुरवाच्या गोपाने बसवलेला. मंजुळेने दोघांना विचारून त्यांची नावं लिहिली होती. भुजंगरावांनी सगळी नावं पुसली आणि मिशा पिळतानाचं चित्र लावून आपलं एकट्याचं नाव टाकलं. बाजारात त्यांनी स्वतः काय घातलं? वेशीवर आपला पुतळा. तोही जमिनीपासून हातभर वर तरंगत होता.

मंजुळा थेट दरबारात गेली.

“महाराज, तो बाजार माझा आहे.”

“ऐकलंत दाजी?” भुजंगराव खो खो हसले. “बांगड्या भरणारी पोर म्हणे बाजार बनवते! हिला माउस म्हणजे उंदीर वाटत असेल!”

“पुतळ्याचे पाय जमिनीला लावा आधी,” मंजुळा म्हणाली, “मग बोलू.”

दरबारी तोंडं लपवून हसू लागले. राजा उदयभान हट्टी होता आणि मेहुण्याच्या बाबतीत आंधळाही.

“मला साक्षी नकोत, पुरावे नकोत,” तो गरजला. “सूर्य मावळायच्या आत भुजंगराव स्वतःच्या तोंडाने म्हणाले पाहिजेत, की बाजार माझा नाही! जबरदस्ती करायची नाही आणि त्यांच्याविरुद्ध आता एक शब्दही काढायचा नाही. जमलं नाही, तर तुझा संगणक जप्त आणि चावडी तुला कायमची बंद!”

दुपारचं गिऱ्हाईक सांभाळत, डोळे चोळत केलेलं काम होतं ते. पण चावडीवर वर्षभर काय काय सोसलं, ते मंजुळेला आठवलं आणि ती गालात हसली.

“मान्य, महाराज. एकच विनंती आहे. बाजार भुजंगरावांचा, तर कर्त्याचा मानही त्यांना पुरता मिळू दे. तशी दवंडी पिटवा. ज्याला बाजाराबद्दल काही विचारायचं असेल, त्याने त्यांच्याच वाड्यावर जावं.”

“पिटवा, पिटवा!” भुजंगराव फुगून म्हणाले. “दोन ढोल जास्त लावा!”

दवंडी पिटली, आणि वाड्यासमोर माणसांची रीघ लागली.

“अहो भुजंगराव, माझा हत्ती वेशीत अडकलाय!”

“माझा बैल आभाळात चरतोय!”

“पाळणा उलटा फिरतो. मुलं खाली डोकं करून बसलीत!”

“सूचना वाचल्यात का?” भुजंगरावांनी दरडावलं.

“वाचायला वेळ कुणाला आहे? तुम्हीच सांगा की!”

“नवा भाग कधी देताय?” मागून एक ढेरपोट्या सावकार ओरडला. “फुकट देता म्हणून काय उपकार करता? उद्याच हवा मला!”

सूचना भुजंगरावांनीही वाचल्या नव्हत्या. ते प्रत्येकाला एकच सांगत होते, “बंद करून परत चालू करा.” लोक जात, बंद करत, चालू करत आणि दुप्पट चिडून परत येत.

तेवढ्यात राजमातेची पालखी दारात थांबली.

“भुजंगा, माझी म्हैस तळ्यात बुडालीय. ती वर येईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही!”

भुजंगरावांना घाम फुटला. ते संगणकापुढे बसले. इथलं तिथे केलं, तिथलं इथे केलं. म्हैस तळ्यातून निघाली आणि थेट राजमातेच्या गेममधल्या बालेकिल्ल्यावर जाऊन उभी राहिली. बुरूज कोसळला!

“माझा गड!” राजमाता कडाडल्या. “काठी आणा गं माझी!”

सूर्य अजून बराच वर होता. भुजंगराव पागोटं काखेत धरून दरबारात धावत शिरले.

“दाजी! तो बाजार माझा नाही! या कासाराच्या मंजुळेचा आहे! तिच्याकडे पाठवा सगळ्यांना, आधी आईसाहेबांना पाठवा!”

राजाने मंजुळेकडे पाहिलं.

“काय गं, काय केलंस तू यांना?”

“मी कुठे काय केलं, महाराज? एक शब्द तरी बोलले का?” मंजुळा म्हणाली. “कर्त्याच्या नावामागून गाऱ्हाण्यांचं वऱ्हाड येतं. यांना नुसतं नवरदेव होऊन मिरवायचं होतं. वऱ्हाडाला जेवू कुणी घालायचं?”

राजा इतका हसला, की मुकुट सावरायलाही त्याला हात पुरेनात. त्याने गळ्यातला कंठा काढून तिच्या हातात ठेवला आणि विचारलं, “आणखी काय हवं?”

“पुसलेली नावं परत लिहून हवीत. रहीमचाचांचं, गोपाचं आणि माझं. भुजंगरावांनी ती स्वतःच्या हाताने लिहावीत.”

“आणि माझा पुतळा?” भुजंगराव पुटपुटले.

“राहू दे की,” मंजुळा म्हणाली. “त्याखाली तुमचं नाव लिहा. ते काम खरंच तुमचं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर सगळी नावं होती तशी झळकत होती आणि त्यांच्याखाली पहिलंच गाऱ्हाणं आलं होतं: “मंजुळाताई, आमचा हत्ती वेशीत अडकला आहे. सूचना दोनदा वाचल्या. सवड होईल तेव्हा पाहावे, घाई नाही. आभारी आहे. उदयभान.”