चाळीसपैकी एकतीस

“...अरे, पण समितीतल्या तिघांपैकी दोघांच्या सह्या पुरतात म्हणतोस, आणि तुझी धरून दोन तर झाल्यात. मग माझीच कशाला अडलीय?”

धानोरकर सरांनी फाइल खाली ठेवली आणि चष्म्यावरून पाहिलं.

डॉ. अभय पिंगळीकर हसले. हे हसू त्यांनी गाडीत बसल्यापासून तयार ठेवलं होतं. त्यांनी समोरची वही ओढली आणि लिहिलं, ‘तुमची सही म्हणजे आशीर्वाद, सर.’

वहीत लिहायचं कारण, सरांचे कान जाऊन तीन वर्षं झाली होती. पार गेले. यंत्र लावलं तरी ढिम्म. तेव्हापासून अंबाजोगाईच्या त्या दोन खोल्यांत येणाऱ्यानं वहीत लिहायचं आणि सरांनी तोंडानं उत्तर द्यायचं, असा रिवाज पडला होता. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. ऐकणं गेलं तरी बोलणं शाबूत होतं, आणि ते काही गोड झालं नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, ऐकण्याच्या परीक्षेच्या समितीवर बहिरा माणूस घेतला कुणी?

पिंगळीकरांनीच घेतला की! कान असलेला सदस्य घ्यावा तर तो बसतो ध्वनिमुद्रण ऐकत, काढतो शंका. सरांचं कसं, नाव मोठं आणि कान बंद. पुन्हा गुरूचा मान ठेवल्याचं पुण्य वेगळंच.

परीक्षेचं नावही भारदस्त होतं. ‘उच्चस्तर इंग्रजी श्रवण-वाचन चाचणी’. विद्यापीठात इंग्रजीच्या एम. ए.ला जागा हवी असेल तर ही पास व्हायची. अर्धा तास ध्वनिमुद्रण ऐकून चाळीस प्रश्न, मग उतारे वाचून चाळीस. दोन्हींत वेगवेगळं पास व्हायला हवं. एकात गेलात की घरी. प्रश्न पिंगळीकरांचे, उतारे पिंगळीकरांचे, आणि ध्वनिमुद्रणातला आवाजसुद्धा पिंगळीकरांचाच.

निकालाची यादी उद्या दुपारी लागणार होती.

“यादी ठीक आहे,” सर म्हणाले. “हा दुसरा कागद कसला? ‘तक्रारीत तथ्य नाही.’ कोण ही अश्विनी हत्तीअंबिरे?”

पिंगळीकरांना हे विचारलेलं आवडलं. त्यांनी फाइलीतून तिची उत्तरपत्रिका काढून सरांपुढे ठेवली. बघा तर, काय काय नमुने येतात.

सरांनी पाहिलं. ऐकण्याच्या भागातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली होती. दोन्ही बरोबर. तिसऱ्यापासून चाळिसाव्यापर्यंत प्रत्येक प्रश्नापुढे तिनं इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात, अडतीस वेळा. ‘आवाज ऐकू आला नाही.’

“आणि वाचनात?”

‘सदतीस,’ पिंगळीकरांनी लिहिलं.

“चाळीसपैकी सदतीस?”

‘हो. पण श्रवणात दोन. नापास. तिच्या केंद्रावर बासष्ट मुलं होती, सर. एकसष्ट पास झाली. हिलाच तेवढं ऐकू आलं नाही!’

उद्गारचिन्ह त्यांनी जरा जोरातच काढलं.

सर खिडकीबाहेर बघत राहिले...

मग म्हणाले, “मला परीक्षेला बसव.”

पिंगळीकरांना हसू आलं.

“हसायलास कशाला? सही करायची तर परीक्षा काय आहे ते बघायला नको? कोरी उत्तरपत्रिका दे. फक्त ऐकण्याची. आणि टेप लाव.”

‘पण सर, तुम्हाला...’

“नियम आहे ना टेप लावायचा? मग लाव.”

काय करता! म्हाताऱ्याचा हट्ट. पिंगळीकरांनी लॅपटॉप उघडला, आवाज पूर्ण मोठा केला आणि चालू केलं. खोलीत त्यांचाच आवाज घुमायला लागला. शब्द तोलून-मापून टाकलेले, प्रत्येक ‘आर’ विलायतेहून आणल्यासारखा गुळगुळीत.

स्वयंपाकघरातून काकू हात पुसत बाहेर आल्या. पिंगळीकर बी. ए.ला असताना याच काकूंच्या हातचं दोन वर्षं जेवले होते.

“अगं बाई, अभय, तूच बोलायलास का हे? घशाला काय झालंय रे तुझ्या?”

“काही नाही, काकू. इंग्रजी आहे.”

“असं होय,” म्हणून काकू आत गेल्या.

सर पेपर सोडवत होते. लॅपटॉपकडे बघतही नव्हते. प्रश्न वाचायचा, चार पर्यायांवरून पेन्सिल फिरवायची, खूण करायची, पुढे. अकराव्या मिनिटाला त्यांनी पेन्सिल ठेवली आणि हाताची घडी घालून बसले.

“झालं माझं. पण अर्ध्या तासाच्या आत उठता येत नाही ना? बसतो.”

उरलेली एकोणीस मिनिटं पिंगळीकरांचा आवाज त्या बहिऱ्या माणसापुढे जंगलतोड, ग्रंथालय आणि समुद्रातल्या प्रवाहांविषयी बोलत राहिला. हा आवाज त्यांना स्वतःला फार आवडायचा. आज पहिल्यांदाच तो कधी संपतोय असं झालं.

“तपास.”

पिंगळीकरांनी उत्तरसूची काढली. पहिला प्रश्न बरोबर. दुसरा चूक. तिसरा बरोबर. चौथा, पाचवा, सहावा बरोबर... त्यांचा हात हळू चालायला लागला. शेवटी त्यांनी बेरीज केली. मग खालून वर पुन्हा केली.

“किती?”

‘एकतीस,’ त्यांनी लिहिलं.

“पास व्हायला?”

‘वीस.’

“म्हणजे मला उत्तम ऐकू येतं.”

पिंगळीकरांनी लिहिलं, ‘तुमची गोष्ट वेगळी, सर. तुम्ही आयुष्यभर पेपर काढलेत.’

“डोंगरावरची झाडं तोडली की काय होतं? तुझे चार पर्याय, पाऊस दुप्पट पडतो, जमीन वाहून जाते, पीक वाढतं, माणसं सुखी होतात. यातलं खरं कुठलं हे सांगायला कान कशाला लागतात रे? आणि जिथं मला कळलं नाही, तिथं सगळ्यांत लांब उत्तरावर खूण केली. खरं उत्तर तू नीट सजवून लिहितोस आणि खोटी तीन उरकून टाकतोस. पहिल्यापासूनची खोड आहे तुझी. मी तुझ्या वह्या तपासल्यात.”

पिंगळीकरांनी उत्तरसूची फाइलीत सारली.

“आता सांग. त्या केंद्रावरची एकसष्ट पोरं कशी पास झाली?”

‘ऐकून,’ असं लिहायला पिंगळीकरांनी पेन टेकवलं, आणि ते तसंच टेकलेलं राहिलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

कारण फाइलीत त्या केंद्राच्या प्रमुखाचं एक पत्र होतं. सगळ्यांत खाली. दुसऱ्या प्रश्नानंतर स्पीकरमधून नुसती खरखर येत होती, दुरुस्तीला माणूस मिळाला नाही, तरी वेळ पाळायची म्हणून परीक्षा पूर्ण केली, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पत्र आलं तेव्हा पिंगळीकरांनी ते दोनदा वाचलं होतं. मग निकाल हाती आला. बासष्टपैकी एकसष्ट पास! पिंगळीकरांनी हिशेब केला की एवढी पोरं पास झाली त्या अर्थी आवाज नीट असणार, आणि केंद्रप्रमुख कांगावा करतोय. परीक्षा घेणाऱ्यालाच सुचावा असा हिशेब. तो करून ते शांत झोपले होते.

सरांनी फाइल उलटी केली. खालचं पत्र वर आलं. त्यांनी ते सावकाश वाचलं. मग मुलीचा तक्रारीचा अर्ज वाचला.

“हा अर्ज वाचलास?”

पिंगळीकरांनी मान हलवली. म्हणजे वरवर वाचला होता.

“मी वाचून दाखवतो. ‘वर्षाचा खंड पडल्यास माझी शिष्यवृत्ती बंद होते. या वर्षी जागा मिळाली नाही तर माझं शिक्षण इथंच थांबेल. मला न ऐकलेल्याची उत्तरं लिहिता आली असती. माझ्या शेजारी सगळे लिहीत होते. परंतु परीक्षा ऐकण्याची असल्यामुळे मी लिहिली नाहीत.’”

त्यांनी अर्ज नीट घडी घालून ठेवला.

पिंगळीकरांना लाज वाटली. खोटं कशाला सांगा, खरंच वाटली. तो माणूस काही दगड नव्हता. खरखर चालू असलेलं ते सभागृह त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. एकसष्ट पेनं भराभर खुणा करतायत आणि एक मुलगी तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा लिहितेय. इतक्या वर्षांत त्यांच्या परीक्षेला ती एकटीच नियमाप्रमाणं बसली होती, आणि तिलाच त्यांनी खोटारडी ठरवलं होतं.

“लिही,” सर म्हणाले. “दोन ओळी. केंद्रावर आवाज बंद होता, तक्रार खरी आहे. खाली तू सही कर, मग मी करतो. दोघांच्या पुरतात.”

‘सगळं केंद्र रद्द होईल, सर.’

“होऊ दे.”

‘एकसष्ट पोरांना पुन्हा बसवायचं?’

“बसव.”

‘परीक्षेवरच शंका घेतील.’

“घ्यायलाच पाहिजे.”

विभागप्रमुखाच्या जागेची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, हे पिंगळीकरांनी लिहिलं नाही. त्याऐवजी लिहिलं, ‘तुम्ही वेगळं मत नोंदवा, सर. तुमच्या शब्दाला वजन आहे.’

सर मोठ्यानं हसले. ते हसू ऐकायला बरं नव्हतं.

“ऐकण्याच्या परीक्षेवर बहिऱ्याचं वेगळं मत! कोण वाचेल ते? शिपाईसुद्धा हसेल. अभय, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणून तर तू मला निवडलंस.”

पिंगळीकरांची मान खाली गेली. आपल्याला वाटत होतं की हे सरांना कळलं नसेल. काय वेडे आपण!

“मीही कळून हो म्हटलं,” सर म्हणाले. “म्हटलं, तीन वर्षांत कुणी कशाला बोलावलं नाही. चला, अभयनं आठवण ठेवली...”



दोन वर्षं या घरात जेवलेला, फाटकी चप्पल बाहेर काढून आत येणारा अभय पिंगळीकरांना आठवला. त्यांनी खाली बघतच, अगदी हळू, पण स्पष्ट म्हटलं, “माझं चुकलं, सर. मला माहीत होतं. मी पत्र मुद्दाम खाली घातलं.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

सरांनी मान पुढे केली. “ओठ हलले तुझे. काय म्हणायलास? लिही की.”

त्यांनी वही पिंगळीकरांकडे सरकवली. कोरं पान काढून दिलं.

पिंगळीकरांनी पेन उचललं.

बोललेलं काय, बोललं आणि गेलं. लिहिलेलं राहतं. त्यावर तारीख पडते, त्याची झेरॉक्स निघते, ते फाइलीला लागतं. आणि लिहिलं की उद्याची यादी थांबते, मुलाखत जाते, लोक तोंडावर हसतात... सर वाट बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट वर्गात एखादा मठ्ठ मुलगा उत्तराच्या जवळ आला की ते जसे थांबायचे, तसे थांबले होते.

आत काकूही भांडं हातात धरून उभ्या असाव्यात.

पिंगळीकरांनी लिहिलं, ‘काही नाही, सर. निघतो.’

सरांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं...

मग त्यांनी स्वतःचं पेन काढलं आणि त्या ओळीखाली सही केली. पूर्ण नावाची. खाली तारीख घातली. पान वहीतून काळजीपूर्वक फाडलं आणि पुढे धरलं.

पिंगळीकरांनी नकळत हात पुढे केला.

“सही हवी होती ना? ही घे. हा त्या मुलीचा निकाल,” सर म्हणाले. “पोस्टानं पाठवू नकोस. हातानं नेऊन दे.”