चिकाचा धोंडा

आमच्या धनगरवाड्याच्या वर मोठा सडा आहे, खडकाळ पठार. भाद्रपदात तिथे फुलं येतात आणि ती बघायला गाड्या भरून माणसं येतात. सड्याच्या टोकाला, जिथे वारा एक घडी स्वस्थ बसत नाही, तिथे एक काळा धोंडा आहे. बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. त्याच्या माथ्यावर पिवळे डाग आहेत. ते पावसात धुपत नाहीत आणि उन्हात विटत नाहीत. कॅमेरेवाले म्हणतात, हे दगडफूल आहे. असेलही. आम्ही त्याला चिकाचा धोंडा म्हणतो.

त्याची गोष्ट शेवंताकाकी ढेबे सांगते. काकी पाहुण्यांना ताक विकायला वर येते. कोणी विचारलं तरच ती बोलते, आणि बोलताना धोंड्याकडे न बघता खाली वाडीकडे बघते.

फार पूर्वी, वाडीला वाट म्हणजे फक्त म्हशींची पायवाट होती, तेव्हाची ही गोष्ट असे सांगतात. म्हैस व्याली की पहिले दिवस तिचं दूध पिवळं आणि दाट असतं. तो चीक. त्याचा खरवस घरोघर जायचा. पण बाईला तसंच पिवळं दूध आलं की ते शिळं मानायचे. नऊ महिने अंगात कोंडलेलं, बाळाला बाधेल, असं म्हणायचे. मग सासू बाळंतिणीला या धोंड्यावर आणायची आणि तो चीक पिळून टाकायला लावायची. पांढरं दूध दिसेपर्यंत बाळाला घरात गुळाच्या पाण्याचा बोळा चोखायला द्यायचे. काही बाळं त्यावर तगायची. काही तगायची नाहीत. त्याला दैव म्हणायचे.

या वाडीत ठमा नावाची सून होती. नवरा कोंडू. सासू बायजा तिची सख्खी आत्या, त्यामुळे लग्नानंतरही ती आत्याच राहिली. ठमाला पहिला मुलगा झाला होता. पांढरं दूध येईपर्यंत तो थांबला नाही. त्यानंतर तिला मुलगी झाली, आणि ठमाला एका जागी बसवेना. ती झोळीपाशी जाई, दाराशी येई, पुन्हा झोळीत वाकून मुलीचा श्वास बघे. मुलगी बोळा चोखायची, पण तिचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं.

त्यात घरात बायकांची रीघ. एक म्हणे डिंक दे. दुसरी म्हणे डिंकानं दूध आटतं. तिसरी म्हणाली, "हिच्या आयलाबी दूध नव्हतं, मी बघितलंय."

"तू कवा बघितलंस? तवा तू सोता झोळीत व्हतीस," चौथी म्हणाली.

सगळ्या हसल्या. ठमा हसली नाही. तिची छाती दगडासारखी घट्ट झाली होती आणि ठणकत होती.

दुपार कलताना बायजा तिला धोंड्यावर घेऊन आली. ठमा चीक पिळत होती आणि ओघळ धोंड्यावरून खाली येत होते. तेवढ्यात पलीकडच्या गवतात त्यांची मोरी म्हैस व्याली. रेडकू अशक्त होतं, मान टाकून पडलं होतं. कोंडू चरवी घेऊन धावला आणि खरवसासाठी म्हशीच्या कासेला बसायला लागला. ते बघून बायजा ठमाला सोडून तिकडे पळाली.

"ऊठ तिथनं!" ती लेकावर ओरडली. "आधी रेडकाला पाज! चीक पोटात गेल्याबिगर ते हुबं ऱ्हाईल व्हय?"

तिने स्वतः रेडकाला उचललं, त्याचं तोंड सडाशी नेलं, बोटाने जबडा उघडला. थोड्या वेळाने रेडकू कापऱ्या पायांवर उभं राहिलं. बायजा हसत, हात पुसत धोंड्याकडे परतली.

ठमाची बोटं पिवळी झाली होती. ती म्हणाली, "आत्या, म्हशीचा चीक रेडकाच्या पोटात. मग माझा धोंड्यावर का?"

"रीत हाय."

"पहिल्या पोराच्या येळंलाबी रीतच व्हती."

बायजाने पुसलेले हात पुन्हा पदराला पुसले.

"माझी लेक हितं आणा," ठमा म्हणाली. "वाघजाईची आण हाय. ती अंगावर पिऊ लागंस्तवर म्या ह्या धोंड्यावरनं उठायची न्हाई."

कोंडू पळत गेला आणि घोंगडीत गुंडाळून मुलीला घेऊन आला. त्याच्या मागून वाडीतल्या बायका आल्या. ठमाने मुलीला छातीशी धरलं. पण मुलीला बोळ्याची सवय झालेली, आणि छाती इतकी कडक की तिला तोंडात काही धरता येईना. ती तोंड लावी, सोडी, रडे. ठमा हात बदले, पाय बदले, अर्धी उठे, पुन्हा बसे. वारा तिचा पदर ओढत होता. तिची पाठ वाकली होती. भोवती बायका बोलतच होत्या. डावीकडून घे. उजवीकडून घे. हिला बाधा झालीय. हिच्या अंगातच दूध नाही. आणि मग मुलीचं रडणं थांबलं. ते शांत झाल्याचं थांबणं नव्हतं, हे सगळ्यांना कळलं.

बायजा धोंड्यावर चढली. आता ही सुनेला दंडाला धरून खाली ओढणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ती ठमाच्या मागे गेली आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसली.

"टेक," ती म्हणाली.

ठमा टेकली नाही.

"टेक म्हनते न्हवं. म्हातारी असली तरी मोडायची न्हाई माझी पाठ." मग ती बायकांकडे वळून म्हणाली, "आन् तुमी! जिला बोलायचं आसंल तिनं आधी हाताला काम घ्यायचं. रिकाम्या हातानं एक शबूद काढलात तर बघा."

मग कोणी घोंगडी धरून वारा अडवला. कोणी गरम पाणी आणून शेकायला फडकं दिलं. शेकल्यावर ठमाने हाताने थोडा चीक काढला, तशी छाती जरा मऊ झाली. हिरा नावाची एक लेकुरवाळी होती. तिने फक्त मुलीचं पोट ठमाच्या पोटाशी आणलं, हनुवटी छातीला टेकवली, आणि ओठांवर चिकाचा एक थेंब सोडला. मुलीने जीभ फिरवली. मग मोठं तोंड उघडलं.

बायजा पाठमोरी होती. तिला काही दिसत नव्हतं. "लागली का गं?" तिने विचारलं.

ठमाचा सगळा भार एकदम बायजाच्या पाठीवर आला, आणि बायजाला कळलं.

मुलीच्या ओठांतून जो चीक सांडला त्याचे हे डाग, म्हणे. त्या संध्याकाळी बायजाने वाघजाईला शब्द दिला, की या वाडीत यापुढे बाईचा चीक बाळाच्याच पोटात जाईल, आणि बाळंतिणीला एकटं बसवायचं नाही.

आजही आमच्या वाडीत बाळंतिणीच्या घरी गेलं की आधी काम करायचं, मग बोलायचं. हंडा भरा, भांडी घासा, लाकडं आणा. मागच्या वर्षी नव्या नर्सबाई आल्या, तर दारातच त्यांच्या हातात केरसुणी दिली. त्या हसल्या, पदर खोचला, अंगण झाडलं, आणि मग विचारलं, "बाळ कितीदा पितं गं?" आणि आजही पहिल्यांदा पाजताना कोणीतरी मागे पाठ लावून बसतं.

यंदा काकी हे सांगत असताना एक शहरातली बाई ऐकत होती. तिच्या कडेवर लहानसं बाळ होतं आणि ओढणीखाली दुधाची बाटली झाकलेली होती. बाकीचे फुलांकडे गेल्यावर तिने हळूच विचारलं, "काकू, एवढं सगळं करून दूध आलंच नाही तर?"

"तसंबी व्हतं बाई," काकी म्हणाली. "मग दुसरी लेकुरवाळी पाजती, न्हाईतर बाटली हाय. त्यात काय झाकायचं? पाठ काय कुनी काढून घेत न्हाई."

ती बाई धोंड्यावर बसली. तिने बाटली बाहेर काढली आणि बाळाच्या तोंडाला लावली. काकीने ताकाची हंडी सावलीत सारली, मग ती धोंड्यावर चढली आणि तिच्यामागे बसली. ती बाई बराच वेळ ताठच होती.

मग टेकली.