भिंतीतला षड्ज

फार जुन्या काळातली ही गोष्ट नव्हे. घरोघरी वीज पोचली, फ्रीज आले, इन्व्हर्टर आले, आणि तरीही 'आमच्या वेळी काय गायचे लोक!' असं म्हणणाऱ्यांची संख्या तसूभरही घटली नाही, त्या काळातली आहे. तेव्हा एका बाजारपेठेच्या गावी हळदीचा एक व्यापारी राहत असे. सारं गाव त्याला भाऊशेठ म्हणे. भाऊशेठला संगीताचं वेड होतं, आणि त्याहून मोठं वेड होतं ते संगीत ऐकण्याच्या यंत्रांचं. त्याने मुंबईहून भारी ॲम्प्लिफायर आणवला होता, माणसाच्या उंचीचे स्पीकर आणवले होते. ॲम्प्लिफायरच्या धातूच्या अंगाला हात लावला की बोटांना मुंग्या येत. पाहुण्यांना तो मुद्दाम हात लावायला सांगे.

"जाणवलं का काही? जिवंत माल आहे हा. साधासुधा नाही."

पाहुणे बोटं झटकत आणि "वा, शेठ, वा" म्हणत. श्रीमंताच्या घरी शॉक बसला तरी त्याची तारीफ करण्याची आपल्याकडे पद्धतच आहे.

गावात रामनवमीच्या सुमारास संगीताचा उत्सव होई. त्यात सकाळच्या पहिल्या बैठकीचा मान गावातल्याच एखाद्या नव्या गायकाला मिळे. तो कोणाला द्यायचा हे ठरवायला एक मंडळ होतं. त्यात भाऊशेठ होता, एक डॉक्टर होते, आणि एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ज्यांना सगळे हेडसर म्हणत. मंडळाची रीत न्यायाची होती, निदान मंडळाला तसं वाटे. उमेदवाराला समोर गायला बसवायचं नाही, कारण ओळखीपाळखीचा दबाव येतो. प्रत्येकाने आपलं गाणं ध्वनिमुद्रित करून द्यायचं. मंडळाने ते भाऊशेठच्या दिवाणखान्यात त्या भारी यंत्रावर ऐकायचं आणि तिथल्या तिथे निकाल सांगायचा. उमेदवारांनी आणि त्यांच्या गुरूंनी मागे बसून निमूट ऐकायचं. वय वाढलं की कान आपोआप तयार होतो, असा या तिघांचा प्रामाणिक समज होता. केस आपोआप पांढरे होतात, हे खरं. कानाचं तसं नसतं.

त्या वर्षी उमेदवारांत शलाका नावाची एक मुलगी होती. कॉलेज अर्ध्यावर सोडून ती गावातल्या एका वृद्ध गुरुजींकडे गाणं शिकत होती. घरी रोज भांडण होई. अखेर वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "या वर्षी उत्सवात बसलीस तर शीक बाई काय शिकायचं ते. नाहीतर जूनमध्ये गुमान कॉलेजात जायचं, आणि परत गाण्याचं नाव काढायचं नाही." त्यामुळे इतरांसाठी जो मान होता, तो तिच्यासाठी सर्वस्वच होता.

तिचं गाणं लागलं. हेडसरांनी डोळे मिटले आणि थोड्याच वेळात उघडले.

"मुलगी उतरतेय."

"षड्जच लागत नाही म्हटल्यावर पुढे काय ऐकायचं?" डॉक्टर म्हणाले. "आवाज गोड आहे, पण सूर जरा खालीच बसतो."

मागच्या रांगेतून शलाका उठली. "काका, तुमचं मशीन घूं करतंय. गाणं सुरू नव्हतं तेव्हाही करत होतं."

तिघेही हसले. भाऊशेठ तर मनापासून हसला. "अगं, या मशीनच्या किमतीत तुझ्या बापाचं घर येईल. मशीनला नावं ठेवतेस होय? आपला सूर सांभाळ आधी."

गुरुजी तिथेच बसले होते. हेडसर 'उतरतेय' म्हणाले तेव्हा गुरुजींची मानही किंचित हलली होती, आणि ते शलाकाने पाहिलं होतं. निकाल मात्र त्यांनी थांबवून घेतला. "आठवडाभराने एकदा परत ऐकू," एवढं म्हणून ते उठले.

घराबाहेर पडताच ती कडाडली. "गुरुजी, तुम्हीसुद्धा मान हलवलीत!"

"हलवली. तू मला उतरलेलीच वाटलीस."

"मग इतके दिवस शिकवलंत काय मला?"

दुसरा कोणी वडीलधारा असता तर इथे 'मोठ्यांशी असं बोलतात का' हे प्रवचन झालं असतं आणि गोष्ट संपली असती. गुरुजींनी तिला घरी नेलं. तेच गाणं त्यांनी स्वतःच्या लहानशा जुन्या टेपवर, सेल घालून, लावलं. आवाज किरटा होता, खर्ज तर नव्हताच. पण षड्ज जागच्या जागी होता, नाकासमोर सरळ. गुरुजींनी ते पुन्हा ऐकलं. एकच गाणं एका घरात उतरतं आणि दुसऱ्या घरात उतरत नाही, याचा अर्थ त्यांना लागला असावा. त्यांनी एकच प्रश्न केला.

"ते घूं कोणत्या सुरात होतं, सांगता येईल?"

शलाकाने डोळे मिटून आठवलं, आणि हलकेच गुणगुणून दाखवलं. गुरुजींनी मान डोलावली आणि विषय बंद केला.

ठरल्या दिवशी भर दुपारी मंडळ पुन्हा बसलं. दिवाणखान्यात पंखे फिरत होते, फ्रीज घुरघुरत होता, स्टॅबिलायझरचे लाल दिवे लागले होते. कोपऱ्यात शोभेसाठी ठेवलेला एक तानपुरा होता, शेजारी मंडळाची उत्सवातली पेटी होती. गुरुजींनी तो मागून घेतला.

"शेठ, मशीन चालू करून ठेवा. गाणं लावू नका, नुसतं चालू असू दे. आधी मी तानपुरा लावतो."

"कोणत्या पट्टीत?"

"मुलीची पांढरी पाच. पण आज पेटीचा आधार नको. आपले सगळ्यांचे कान एवढे तयार आहेत. मी खुंटी पिळत जातो. षड्ज लागला असं वाटलं की थांबवा मला."

स्तुती झाल्याबरोबर तिघेही सावरून बसले. गुरुजी खुंटी हळूहळू पिळू लागले. सूर चढत पांढरी पाचवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरावर आला. कोणीच थांबवलं नाही. तो आणखी किंचित चढला.

"आता! थांबा," भाऊशेठ म्हणाला.

"तंतोतंत," हेडसर म्हणाले.

"काय जुळलाय! खोलीच भरून गेली," डॉक्टरांनी दाद दिली.

शलाकाला राहवेना. "गुरुजी, हा चढा आहे."

"तू गप्प बस," गुरुजी म्हणाले. "मंडळ ऐकतंय ना?"

आपला गुरूच आपल्याला बुडवायला निघालाय, असं तिला त्या क्षणी वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? तरुण माणसाने असा अनुभव घेतलेला असतोच. पाठीशी उभा राहील असं वाटणारा मोठा माणूस ऐन वेळी मोठ्यांच्या बाजूला जाऊन बसतो.

गुरुजींनी लावलेला तानपुरा तसाच ठेवला आणि ते भाऊशेठकडे वळले. "शेठ, आता घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरसुद्धा."

"अहो, एवढ्या उकाड्यात?"

"थोडा वेळच."

मेन खाली ओढला गेला. पंखे मंदावत थांबले. फ्रीज एकदा हादरला आणि गप्प झाला. आणि मग आणखी काहीतरी थांबलं, जे चालू होतं हे त्या तिघांना कधी माहीतच नव्हतं. दिवाणखाना एकाएकी मोठा झाल्यासारखा वाटला. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलच्या साखळीचा आवाज आत आला.

गुरुजींनी उत्सवाची पेटी पुढे ओढली, भाता मारला आणि पांढरी पाच दाबली. दुसऱ्या हाताने तानपुरा छेडला. दोन सूर एकमेकांवर घासले. दातांत वाळूचा कण यावा तसं झालं. ते कळायला तयार कान लागत नव्हता.

"पेटी बिघडली असेल," डॉक्टर म्हणाले.

"ही मंडळाचीच पेटी आहे, डॉक्टर. उत्सवात हीच वाजते आणि हिच्यावरच तुम्ही माना डोलावता." गुरुजींनी तानपुरा खाली ठेवला. "पांढरी पाच मागितली होती मी. तुम्ही तिघांनी मिळून जो षड्ज दिलात, तो कुठून आणलात?"

गुरुजींनी तानपुरा पेटीशी नीट मिळवला आणि शलाकाच्या हाती दिला. "गा."

ती गायली. पंखा नव्हता, डॉक्टरांच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण तो पुसायला त्यांचा हात उठला नाही. षड्ज लागला तो लागलाच. त्याच्यावर बाकीचं गाणं एकेक मजला चढत गेलं आणि कुठेही हललं नाही. राग अंगात होताच तिच्या, आणि तो त्या दिवशी गाण्याला उपयोगी पडला.

ती थांबल्यावर गुरुजी म्हणाले, "शेठ, आता मेन लावा."

खटका वर गेला. पंखे फिरले. आणि स्पीकरमधून, गाणं न लावताच, ते जाड अखंड घूं बाहेर आलं. हेडसरांनी दचकून मागे पाहिलं, जणू खोलीत कोणी अनोळखी माणूस शिरलाय.

"हा आवाज... आधीपासून होता?"

गुरुजी म्हणाले, "ही वीज आहे. घरातल्या विजेला जमिनीत जायला नीट वाट नसली की ती यंत्रात शिरून बोलू लागते. तिला स्वतःचा एक सूर असतो, पांढरी पाचच्या किंचित वर. तुमच्या या घरात भिंतीतच एक तानपुरा सतत वाजतोय. एवढी वर्षं तुम्ही त्याच्यात बसलात, त्यामुळे तो तुम्हाला ऐकू येईनासा झाला. पण तुमचा षड्ज त्यानेच ठरवला. ज्यांची पट्टी याच्यापासून लांब होती, ते सुटले. जे खऱ्या पांढरी पाचमध्ये गायले, ते सगळे तुम्हाला उतरलेले वाटले. मी फार तर दोनतीनदा इथे बसलो असेन, आणि माझीही मान हलली. जिला सवय नव्हती, त्या एकीलाच तो ऐकू आला. तिने तो सांगितला, आणि आपण हसलो."

भाऊशेठ यंत्राकडे पाहत होता. मग त्याने हात पुढे नेला आणि मुंग्या येण्याआधीच मागे घेतला.

"अंगणात अर्थिंगचा खड्डा होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मीठ, कोळसा घातलेला. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं असतं, वायरमनने बजावलं होतं मला. मी वरून ग्रॅनाइट बसवून घेतलं आणि पाणी ओतणं बंदच झालं. म्हटलं, खड्डा बरा दिसत नाही."

आपल्या घराघरांतून हेच झालेलं आहे. दिसायला बरं नाही म्हणून जमिनीकडे जाणारी वाट बुजवायची, मग जी घरघर सुरू होते तिला परंपरा म्हणायचं, आणि तिच्याशी न जुळणाऱ्या प्रत्येक पोराला बेसूर ठरवायचं.

"पहिली बैठक शलाकाची," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. भाऊशेठने मान हलवली. शलाकाने तानपुरा भिंतीला टेकवून ठेवला. वडिलांना काय सांगायचं, याची आता चिंता नव्हती.

हेडसर मात्र उठले नाहीत. निकालाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"माझी मैथिली," ते म्हणाले. "पांढरी पाचच होती तिची."

मैथिली त्यांची नात. काही वर्षांपूर्वी तिचंही गाणं याच दिवाणखान्यात लागलं होतं.

"नात असली म्हणून काय झालं, उतरते म्हणजे उतरते, असं मीच म्हटलं होतं. इथेच बसून. लोकांनी पाठ थोपटली माझी, काय निःपक्षपाती माणूस म्हणून."

"आता गाते का ती?" शलाकाने विचारलं.

"तानपुरा देऊन टाकला तिने. घरात कोणी गुणगुणलं तरी उठून आत जाते."

गुरुजीही खाली पाहत पेटीचा भाता बंद करू लागले, हे इथे नोंदवलं पाहिजे. बोलली ती शलाका.

"मग घरी जा आणि सांगा तिला."

"काय सांगू?"

"तू बरोबर होतीस, मी चुकलो. एवढंच. त्याला पुढे काही चिकटवू नका. मशीन असं होतं, वीज तशी होती, तुझ्या भल्यासाठीच म्हटलं होतं, यातलं काहीही नको."

तिला कोणी उद्धट म्हटलं नाही. भाऊशेठ अंगणात जाऊन ग्रॅनाइट फोडायला कोण मिळेल याची चौकशी करू लागला होता. हेडसरांनी चपला घातल्या आणि ते उन्हातच निघाले. उभा जन्म त्यांनी पोरांकडून वाक्यं पाठ करून घेतली होती. त्या दिवशी ते स्वतः एक छोटंसं वाक्य तोंडातल्या तोंडात घोकत रस्त्याने चालले होते, आणि ते त्यांना शेवटपर्यंत नीट म्हणता येत नव्हतं.