कावळा शिवेपर्यंत

"पण लोक उठून का गेले, बुवा?"

पद्माकरने तिसऱ्यांदा विचारलं. देवळाच्या उत्सवात त्याची कथा लागली होती. आज संध्याकाळी पुन्हा होती. आजही सभामंडप रिकामा झाला, तर उद्यापासून दुसरा कथेकरी बोलावू, असं पंचांनी तोंडावर सांगितलं होतं.

त्याचे गुरू नरहरबुवा घाटाच्या पायरीवर बसून ओलं धोतर पिळत होते.

"काल किती राक्षस मारलेस?"

"बारा हजार."

"आणि माणसं किती उरली?"

"नऊ… त्यातली दोन झोपली होती."

"मग राक्षस फुकट मेले म्हणायचे."

पद्माकरला ते लागलं. आवाज होता, पाठांतर होतं. कशात कमी होता तो?

"आज याहून मोठं युद्ध घेतो. समुद्रच पेटवतो."

"पेटव. आधी तिकडे बघ."

खालच्या पायरीवर कुणा बाईचा दहावा चालला होता. डोकी भादरलेले दोन मुलगे आणि एक मुलगी. पिंड मांडून झाला होता. कावळा समोरच्या भिंतीवर येऊन बसला होता, पण पिंडाला शिवत नव्हता. गेलेलीची काही इच्छा राहिली असणार.

"आई, तुझं देवघर मी सांभाळीन," थोरला हात जोडून म्हणाला.

कावळा हलला नाही.

"तुझी गाय विकणार नाही."

कावळ्याने भिंतीवर चोच पुसली.

मुलगी हळूच म्हणाली, "आई, मी माहेरी येत जाईन. कुणी बोलावलं नाही तरी."

थोरल्याने मान खाली घातली. कावळा दोन उड्या पुढे आला… आणि थांबला.

धाकटा अजून एक शब्दही बोलला नव्हता.

आता सगळे त्याच्याकडे बघत होते. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. नावाड्याने सोडलेली होडी परत काठाला टेकवली.

"दर्भाचा कावळा करू या का?" दहाव्याचे विधी करणारे गुरुजी म्हणाले. "ऊन चढतंय."

"थांबा हो जरा!"

हे आपणच ओरडलो, हे पद्माकरला नंतर कळलं.

धाकटा पुढे झाला. थोरल्याकडे न बघता पिंडापाशी वाकला आणि काहीतरी पुटपुटला.

कावळा खाली उतरला.

हळूहळू घाट मोकळा झाला. होडी गेली. पद्माकर तिथेच उभा.

"काय म्हणाला तो? बुवा, तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही."

"पण असं काय असेल, की…"

"ती बाई तुझी कोण लागत होती रे?"

पद्माकर पायरीवर बसला.

"बाबांच्या दहाव्याला आमच्याकडे शिवला नाही, बुवा. दुपारपर्यंत वाट पाहिली. शेवटी दर्भाचा केला."

बुवांनी धोतराचा पीळ सोडला.

"काय म्हणायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं. भाऊ शेजारीच उभा होता…"

बुवांनी धोतर झटकलं, खांद्यावर टाकलं आणि पायऱ्या चढू लागले. वर पोचल्यावर वळले.

"आज कथेत ते सांग. पण लगेच सांगू नकोस. कावळ्याला थोडं बसू दे."