अंगण असलेली ढोली

सह्याद्रीच्या पायथ्याशी एक जंगल होते आणि त्या जंगलात एक साळुंकी राहत असे. 'राहत असे' म्हणणेही तसे चुकीचेच, कारण बिचारीला राहायला जागाच उरली नव्हती. वळवाच्या वादळात सावरीचा जुना फांदा कडाडून खाली आला आणि त्याच्याबरोबर तिची ढोलीही गेली. मुलांनो, साळुंकीला स्वतः लाकूड पोखरता येत नाही. दुसऱ्याने कोरलेली रिकामी ढोली शोधायची, मालकाशी बोलायचे आणि तिथे बिऱ्हाड थाटायचे, हीच तिच्या घराण्याची रीत. एरवी तिने चार दिवस फांदीवरही काढले असते. पण आता तिचे दिवस भरत आले होते. पाच-सहा दिवसांत अंडी घालावी लागणार होती, आणि अंडी काही फांदीवर ठेवता येत नाहीत.

जंगलात रिकाम्या ढोल्या नव्हत्या असेही नाही. अडचण वेगळीच होती. आपली साळुंकी बोलकी होती. म्हणजे फारच बोलकी. सकाळी डोळा उघडला की तिची बडबड सुरू. पान हलले तर ती सगळ्यांना सांगणार, आणि नाही हलले तर का नाही हलले तेही सांगणार. उंबरावरच्या घुबडाने तिला दारातूनच परत पाठवले. "आम्ही दिवसा झोपतो, बाई. तुम्ही दुसरीकडे बघा." धनेश त्यापेक्षा सभ्य. तो म्हणाला, "आमची मंडळी अंड्यांवर बसली की ढोलीबाहेर पाऊल टाकत नाही. तिला शांतता लागते. तुमचं कसं जमायचं?" दोन नकार ऐकून साळुंकी इतकी खट्टू झाली की घटकाभर तिने तोंडच उघडले नाही. नवरा घाबरला. त्याला वाटले, ही आजारी पडली.

अशा वेळी टकाचोर आला. लांब शेपटीचा, तांबूस अंगाचा आणि गोड गळ्याचा हा पक्षी. कुणाला घर हवे असले की हा हजर. "वहिनी, तोंड का असं उतरलंय? माझ्याकडे एक जागा आहे. तुम्ही बघा तर खरी, नाही आवडली तर माझं नाव बदला!"

जागा खरोखरच देखणी होती. नदीकाठी उंच ऐनाचे झाड, त्याच्या मधोमध ढोली. दार इतके ऐसपैस की नवरा-बायकोने शेजारी शेजारी आत जावे. आणि दाराला लागूनच एक आडवी, सपाट फांदी.

"हे बघा अंगण!" टकाचोर त्या फांदीवर ऐटीत बसून म्हणाला. "असं अंगण अख्ख्या जंगलात कुणाकडे नाही. मीही येता-जाता इथं टेकीन, तुमची विचारपूस करीन. मालक लांब घाटावर असतो, सगळं माझ्यावरच सोपवलंय. आणि मला तुमच्याकडून एक किडासुद्धा नको. दुवा द्या, बस्स."

नवरा तर हुरळूनच गेला. त्या जंगलात अशी रीत होती, की ढोलीत पहिली काडी ठेवली की घर ठरले. मग ते दुसऱ्याला देता येत नसे, आणि काडी ठेवणाऱ्यालाही त्या हंगामात दुसरे घर मागता येत नसे. नवऱ्याने एक छानशी काडी येतानाच चोचीत धरून आणली होती. "ठेवा, ठेवा," टकाचोर म्हणाला. "मागे अजून दोन जोडपी रांगेत आहेत."

साळुंकीलाही घाई होतीच. ती आत शिरली. आत मऊ गवताचा बिछाना होता. त्यावर पाय ठेवला आणि ती थबकली. बिछाना नवाकोरा होता. ज्या घरात पिल्ले वाढतात तिथला बिछाना दबून दबून चपटा होतो, कडेला घाण साचते, कोपऱ्यात बारीक पिसे अडकून राहतात. इथे तसे काहीच नव्हते. कुणीतरी हौसेने गवत अंथरले होते, आणि त्यावर धड बसायच्या आतच ते निघून गेले होते.

"इथं आधी कोण राहत होतं?" तिने बाहेर डोकावून विचारले.

"होती एक पोपटीण. तिला इथली हवा मानवली नाही."

"आता कुठं असते ती?"

"असेल पलीकडच्या पळसावर. तुम्हाला काय करायचंय, वहिनी? नसत्या पंचायती! तेवढ्यात दुसरं कुणी येऊन काडी ठेवील, मग बसा."

नवऱ्याच्या चोचीत काडी, त्यामुळे त्याला बोलता येईना. तो नुसता मान हलवून 'ठेवू का, ठेवू का' असे विचारत होता. साळुंकीला वाटले, हे घर हातचे गेले तर? अंडी काय उघड्यावर घालायची? पण ज्या घरातून कुणीतरी घाईने निघून गेले, त्या घरात घाईने शिरायला तिचे मन घेईना. "आलेच मी विचारून," असे म्हणून ती उडाली. चौकशी करण्यात तर तिचा हातखंडाच होता.

पोपटीण पळसावर एकटीच बसली होती. साळुंकीने तिला ढोलीविषयी विचारले.

"उजेड चांगला आहे," ती म्हणाली. "वारा चांगला आहे. माझी तीन अंडी होती तिथं. पाणी प्यायला म्हणून गेले आणि परत आले, तर एकही नाही. तो मात्र अंगणात बसलेला. वर मलाच विचारतो, 'काय झालं हो, ताई?'"

"कोण तो?"

"तुला घर दाखवलं तोच की! अगं, दार रुंद असल्याशिवाय आणि दारापुढे बसायला जागा असल्याशिवाय त्याची चोच अंड्यांपर्यंत पोचणार कशी? घरं तो आपल्यासाठी शोधत नाही, बाई. स्वतःच्या पोटासाठी शोधतो."

साळुंकी तिच्या जवळ सरकली. "ताई, मग हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारायलाच आलं नाही," पोपटीण म्हणाली.

साळुंकी माघारी निघाली ती वाटेपासूनच ओरडत. "ठेवू नका! ठेवू नका!" नवरा तेव्हा ढोलीच्या दारात वाकलेला होता. ती हाक ऐकून तो असा दचकला की चोचीतली काडी थेट खाली नदीत पडली. टकाचोराने तोंड वाकडे केले. "तुमच्या नशिबात अंगण नाही, त्याला मी काय करणार?" तो म्हणाला.

पोपटिणीने जाता जाता आणखी एक पत्ता सांगितला होता. डोंगराच्या आडबाजूला एका वाळलेल्या पांगाऱ्यावर सुतार पक्षी राहत असे. दरसाल तो स्वतःसाठी नवी ढोली कोरी आणि जुनी भाड्याने देई. माणूस खडूस, म्हणजे पक्षी खडूस, पण काम चोख. "तिथं मात्र जरा कमी बोल," नवऱ्याने वाटेत चार वेळा बजावले.

ती ढोली पाहून नवऱ्याचा चेहराच पडला. नदी नाही, अंगण नाही, समोर दुसऱ्या झाडाची काळी साल. साळुंकीने मात्र यावेळी वेगळ्या नजरेने पाहिले. दार असे अरुंद, की आपण कसेबसे आत जाऊ, दुसऱ्याची मान अडकेल. दारापुढे टेकायला काहीच नाही. खोड पुढे झुकलेले, त्यामुळे पावसाचे पाणी आत येणार नाही. तिने भिंतीवर चोच मारून पाहिली. लाकूड घट्ट होते.

"कसं वाटलं घर?" सुताराने विचारले.

"चांगलं आहे," ती पुटपुटली.

"आणखी काही विचारायचं आहे?"

विचारायच्या छप्पन्न गोष्टी तिच्या जिभेवर आल्या होत्या. तिने त्या सगळ्या गिळल्या आणि नुसती मान हलवली. सुतार नाखूश दिसला. तेवढ्यात मागच्या फांदीवरून टकाचोराचा आवाज आला. तो मागोमाग आलाच होता.

"सुतारकाका, सांभाळून बरं का! ही बाई दिवसभर कलकलाट करते. घुबडानं घालवलं, धनेशानं घालवलं. हिला ठेवाल तर कानात बोळे घालून बसावं लागेल!"

साळुंकीला रडूच कोसळायचे बाकी राहिले. हेही घर गेले, असे तिला वाटले. पण खोटे बोलून कितीसे दिवस निभणार? "ते खरं सांगतायत, काका," ती म्हणाली. "मी फार बोलते. गप्प बसायचं कितीही ठरवलं तरी मला जमत नाही. आज लपवलं तरी उद्या तुम्हाला कळेलच."

सुतार खोडावरून उतरत तिच्याजवळ आला.

"मी चोच मारायला लागलो की मला दुसरं काही ऐकू येत नाही," तो हळूच म्हणाला. "मागच्या हंगामात माझ्या पाठीमागून धामण झाडावर चढली. मी आपला टक टक करतोय. वरच्या ढोलीत माझी दोन पिल्लं होती." त्याने वरच्या ढोलीकडे पाहिले. "तेव्हापासून मी ओरडणारा शेजारी शोधतोय, पोरी. येतात ते सगळे गोगलगाय. भाडं म्हणून मला एवढंच हवं. वैरी दिसला की घसा फोडून ओरडायचं. जमेल का?"

"जमेल का म्हणजे?" साळुंकी इतक्या मोठ्याने म्हणाली, की टकाचोर फांदीवरून उडालाच. नवरा दुसरी काडी आणायला धावला.

त्या ढोलीत साळुंकीने चार निळी अंडी घातली. टकाचोर एकदा येऊन गेला. दारापुढे टेकायला जागा मिळेना म्हणून तो घिरट्या घालत राहिला. साळुंकीने सारे रान डोक्यावर घेतले, तशी वरून सुताराची टोकदार चोच बाहेर आली. पुन्हा काही टकाचोर तिकडे फिरकला नाही.

पुढच्या वर्षी ती ढोली रिकामी झाली आणि एक नवे जोडपे साळुंकीला शोधत आले. "ताई, तुम्ही राहिला आहात, म्हणून विचारतो. घर कसं आहे हो?"

साळुंकीला तर हेच हवे होते. "बसा," ती म्हणाली. "दुपारी टकटक असते, डोकं उठतं. नदी दिसत नाही. अंगण तर नाहीच नाही. पण मी चार अंडी घातली होती, आणि चारही पिल्लं उडाली."

तात्पर्य : भाड्याचे घर घेताना दाखवणाऱ्याचे ऐकावे, पण राहून गेलेल्याला विचारल्याशिवाय काडी ठेवू नये, आणि आपली खोड मालकापासून लपवू नये, कारण एकाला नकोसा झालेला भाडेकरू दुसऱ्याला हवाच असतो.