मागे कोणी आहे का?

फार पूर्वी, माणसाची किंमत त्याच्या कातडीवरून ठरायची, तेव्हाची ही गोष्ट. असं आता कुठेच होत नाही, असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल का? पण ते राहू द्या. गोष्ट जुनी आहे आणि सात समुद्रांपलीकडची आहे.

त्या राज्यात गोरे लोक होते आणि काळे लोक होते. काळ्यांच्या पणज्यांना गोऱ्यांनी जहाजांच्या पोटात कोंबून आणलं होतं आणि कापसाच्या शेतांत जुंपलं होतं. पुढे एका राजाने दवंडी पिटली, की आता सगळे मोकळे. दवंडी संपली, ढोल थांबला, आणि काळ्या बायका पुन्हा गोऱ्यांच्या घरी जाऊन भांडी घासू लागल्या. मोकळ्या माणसालाही भूक लागतेच.

नदीच्या काठी काळ्यांची एक वस्ती होती. तिचेही दोन भाग. खालच्या आळीत धोबिणी, मोलकरणी आणि हमाल. वरच्या आळीत, टेकडीवर, जरा बऱ्यापैकी घरं. एक मास्तर, एक धर्मगुरू, आणि सगळ्यांत श्रीमंत म्हणजे शवपेट्या बनवणारा. गोरे सुतार काळ्यांच्या मढ्याला हात लावत नसत, त्यामुळे त्याचा धंदा कधी बसला नाही.

वरच्या आळीतल्या बायका खालच्या आळीतून जाताना झग्याची किनार दोन बोटांनी उचलून धरायच्या. ज्याचा काळा रंग जरा उजळ, त्याची मान जरा ताठ. तुडवले गेलेले सगळेच; पण त्यातही कोण कमी तुडवला गेला, याचा मान होता!

खालच्या आळीत एका धोबिणीची तरुण लेक राहायची. गोऱ्यांच्या एका घरी ती त्यांचा मुलगा सांभाळायची. तिला वैद्य व्हायचं होतं. हसू नका. आळीतल्या बायका तेवढ्या हसून झाल्या होत्या.

तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती. गोरा वैद्य आधी आपले सगळे रुग्ण तपासायचा, मग जेवायचा, मग नदी ओलांडायचा. तो आला तेव्हा बहिणीचे पाय गार पडले होते. "जरा आधी बोलवायचं ना," असं म्हणून तो परत गेला. निरोप तर पहाटेच गेला होता. त्या दिवशी त्या तरुणीने मनाशी ठरवलं, की नदीच्या या काठावर आपला वैद्य हवा, आणि तो मीच होणार.

राजधानीत एक वैद्यशाळा होती. दरवर्षी काळ्यांच्या वस्तीतून ती एकीला घ्यायची. एकीलाच, जास्त नाही. ती एक कोण, हे वरच्या आळीतलं महिला मंडळ ठरवायचं. मंडळाच्या प्रमुख होत्या शवपेट्यावाल्यांच्या पत्नी. सगळी वस्ती त्यांना मोठ्या बाई म्हणायची.

निवड प्रार्थनाघरात व्हायची, सगळ्यांच्या देखत. मुलीची हुशारी पाहून झाली, की मोठ्या बाई शेवटचा प्रश्न विचारायच्या, "मुली, तुझ्या मागे कोणी आहे का?"

मुलीने म्हणायचं, "कोणी नाही."

ते म्हटलं की टाळ्या वाजायच्या.

आणि या तरुणीच्या मागे तर चार वर्षांची मुलगी होती. मुलीचा बाप कारखान्यात काम मिळतंय म्हणून उत्तरेला गेला होता. पहिल्या वर्षी त्याचे निरोप आले. दुसऱ्या वर्षापासून आले नाहीत.

अशा अडचणीवर वस्तीत एक जुनी रीत होती. मुलीचं मूल मुलीच्या आईने आपलं म्हणायचं. आजी आई व्हायची आणि आई ताई व्हायची. खालच्या आळीत अशी कितीतरी शेंडेफळं होती, ज्यांच्या 'आयांच्या' तोंडात दात राहिले नव्हते. सगळ्यांना ठाऊक असायचं. कोणी बोलायचं नाही.

"एवढंच करायचंय," तरुणीची आई म्हणाली. "नुसतं नाव बदलायचं. पोर काय कुठं जाणार नाही."

"आणि ती मोठी झाल्यावर?"

"मोठी होईल तेव्हा तू वैद्य असशील. माझ्यासारखे साबणाने फुटलेले हात तिच्या नशिबी नसतील. आईपण पोटात असतं गं, तोंडात नसतं."

तरुणीला हे पटलं, असं नाही. पण तिला बहिणीचे गार पाय आठवले, आणि तिने मान डोलावली.

मग शिकवणी सुरू झाली.

"ही कोण?" आजी नातीला विचारायची.

"आई."

"चूक. ही ताई. आई कोण?"

"तू? पण तू तर आजी आहेस."

"आजपासून नाही."

बरोबर उत्तराला काकवीचं एक बोट चाटायला मिळायचं. पोरीला काकवी आवडायची. थोड्याच दिवसांत ती न अडखळता 'ताई' म्हणू लागली. एकदा झोपेतून उठून "आई" म्हणाली, लगेच जीभ चावली, आणि काकवीच्या बरणीकडे घाबरून पाहू लागली. तरुणी परसात गेली आणि ओल्या चादरींच्या आड उभी राहून रडली.

इकडे गोऱ्यांच्या घरी काय होत होतं, तेही ऐका. तिथला मुलगा तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. तो तिला बिनदिक्कत 'आई' म्हणायचा. मालकीणबाई हसायच्या. "ऐकलंस का? मला विसरलाच की गं हा! तूच याची खरी आई." शेजारणींनाही कौतुकाने सांगायच्या.

म्हणजे जिच्या पोटी जन्मली ती मुलगी तिला ताई म्हणत होती, आणि ज्याला दुसरीने जन्म दिला तो तिला आई म्हणत होता. या राज्याला कोणी उलटं टांगलं होतं, की ते बांधलंच तसं होतं?

निवडीचा दिवस आला. प्रार्थनाघर भरून गेलं. आजी नातीला घेऊन शेवटच्या बाकावर बसली. तरुणी पुढे उभी राहिली. ताप कसा ओळखायचा, जखम कशी धुवायची, मूल आडवं आलं तर काय करायचं, सगळ्याची तिने चोख उत्तरं दिली. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"मुली, तुझ्या मागे कोणी आहे का?"

"कोणी नाही."

टाळ्या वाजल्या. आजीने डोळे पुसले. त्याच वेळी कोणीतरी बाहेर जाताना दार लोटलं आणि शेवटच्या बाकावरून उठून दाराशी खेळणाऱ्या पोरीची बोटं त्यात चेमटली.

पोर किंचाळली नाही. तिने हात पोटाशी धरला आणि बाकांच्या मधून धावत पुढे आली. आईपासून हातभर अंतरावर मात्र एकदम थांबली. डोळे काठोकाठ भरले होते. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "ताई, मला उचलून घेतेस का? की इथे चालत नाही?"



पोर धडा शिकली होती. इतका चांगला, की बोटं फुटली तरी विसरली नव्हती. तरुणी गुडघ्यांवर बसली, तिला छातीशी घेतलं आणि म्हणाली, "ताई नाही गं माझे बाई. आई. मी तुझी आई."

कुजबुज सुरू झाली. मागून एक जण म्हणाली, "झालं! काठाशी येऊन होडी बुडवली."

मोठ्या बाई जवळ आल्या. त्या ओरडल्या नाहीत. "हे काय केलंस, पोरी? मी तुझ्या वाईटावर नाही. आपल्याकडे बोट दाखवायला गोरे टपलेले असतात. आपल्यातल्या एकीवर डाग दिसला, तर ते दार सगळ्यांनाच बंद करतील. मला सगळ्यांचा विचार करावा लागतो."

"बाई, माझं लेकरू डाग आहे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"इतकी वर्षं म्हणताय. फक्त ते आमच्या तोंडून वदवून घेताय."

जागा मास्तरांच्या भाचीला मिळाली. भाची गुणी होती. तिला दोष नाही.

घरी आजी कडाडली. "तुझ्यासाठी मी देवाच्या घरात खोटी आई होऊन बसले! लाज सोडली! आणि तू एका क्षणात सगळं मातीत घातलंस? घाल आता जन्मभर लोकांच्या पोरांना न्हाऊ!" मग तिने चुलीत लाकडं कोंबली. आग पेटल्यावर फुटलेली बोटं बांधलेल्या नातीला जवळ ओढून म्हणाली, "ये. आजीकडे ये." त्या घरात तो शब्द पुष्कळ दिवसांनी उमटला होता.

तरुणी पुन्हा गोऱ्यांच्या घरी कामाला जाऊ लागली. खरं बोललं की लगेच फुलं उधळली जातात, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर विसरा. घाटावर बायका टोमणे मारायच्या. "काय वैद्यीणबाई, आज कोणाची नाडी बघितली? परातीची?"

पण हळूहळू निराळंच काही घडू लागलं. एका सुट्टीच्या दुपारी ती आईला मदत करत होती, तेव्हा कपडे उकळणाऱ्या कढईशी एक दांडगी धोबीण तिच्या शेजारी आली. काठीने कपडे ढवळत, वर न बघता म्हणाली, "माझा धाकटा भाऊ आहे ना, पतंग उडवत असतो तो. माझाच आहे." एवढं बोलून निघून गेली. मग दुसरी आली. मग तिसरी. सगळ्या त्याच कढईशी, वाफेच्या आडून.

काही महिन्यांत आळीतली नाती जागेवर येऊ लागली. गोंधळही पुष्कळ झाला. पतंगवाल्या पोराला खरं कळलं, तेव्हा त्याने आधी मांजा गुंडाळला. मग म्हणाला, "म्हणजे आता मारायचा हक्क कोणाला? दोघींना?"

"दोघींना," धोबीण म्हणाली.

"मग मला भाऊच राहू दे."

ती खो खो हसली, आणि हसता हसता त्याला कवटाळून रडली.

वर्ष उलटलं. पुन्हा निवड आली. या वेळी वैद्यशाळेकडून ताकीद होती, की तुमच्याकडून कोणी आली नाही, तर ती जागा आम्ही कायमची आमच्या मुलींना देऊ. प्रार्थनाघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे काही मुली रांगेत उभ्या होत्या. आपली तरुणी सगळ्यांत शेवटी.

"मुली, तुझ्या मागे कोणी आहे का?" मोठ्या बाईंनी पहिलीला विचारलं.

"आहे. मुलगा आहे."

बाई पुढे सरकल्या. "तुझ्या?"

"आहे. तो काय, खांबावर चढतोय. उतर रे मेल्या!"

तिसरी मुलगी वरच्या आळीतलीच होती, धर्मगुरूंची पुतणी. बाईंना हायसं वाटलं. ती म्हणाली, "मला मूल नाही, बाई. पण अंथरुणाला खिळलेली आई आहे. ती धरायची की नाही? दरवर्षी मुली 'कोणी नाही' म्हणतात, तेव्हा मला कळतच नाही. ज्याच्या मागे कोणीच नाही असं माणूस आपल्या वस्तीत आहे तरी कुठं?"

पुढच्या प्रत्येकीनेही 'आहे' असंच म्हटलं. बाई शेवटच्या मुलीसमोर येऊन उभ्या राहिल्या. तिच्या कडेवर तिची लेक होती, आणि रांगेत तिच्याइतकं वैद्यकाचं ज्ञान कोणालाच नव्हतं, हे त्यांना गेल्या वर्षीच कळलं होतं. 'नाही' म्हटलं तर जागा कायमची जाणार. 'हो' म्हटलं तर आयुष्यभर सांभाळलेली रीत मोडणार. दार आपण लोकांना आत घ्यायला राखत होतो की बाहेर ठेवायला? असं त्यांनी स्वतःला आजवर कधी विचारलं नव्हतं. विचारायला धीर लागतो, आणि टेकडीवर राहणाऱ्यांना तो जरा उशिरा येतो.

मग त्यांनी पोरीच्या गालाला हात लावला आणि एक नवाच प्रश्न विचारला.

"तू गेल्यावर हिला कोण बघेल?"

तरुणीने तोंड उघडायच्या आत मागून दांडग्या धोबिणीचा आवाज आला, "आम्ही बघू की! जन्मभर गोऱ्यांची पोरं वाढवली. आपलं एक जड होतंय का?"

"हिला काकवी जास्त देऊ नका," आजी म्हणाली, आणि सगळं प्रार्थनाघर हसलं.

तरुणी राजधानीला निघाली तो दिवस काही हसण्याचा नव्हता. गाडी वळणापर्यंत गेली आणि पोरीने आजीच्या कडेवरून हात पसरून हंबरडा फोडला, "आई! आई गं!" खालच्या आळीने ऐकला, वरच्या आळीनेही ऐकला. तरुणी गाडीत रुमाल तोंडात कोंबून रडत होती. पण ती उतरली नाही. तिने ते हाक मारणं काळजात बांधून नेलं आणि शिकत राहिली. सुट्टीला आली की पोर आधी रुसायची, मग बिलगायची, मग जाताना पुन्हा रडायची. हे फुकट मिळालं नाही. कोणाही आईला मिळत नाही.

शेवटी ती वैद्य होऊन परतली. नदीच्या त्या काठावर बाळंतपणात गार पडणारे पाय त्यानंतर थोडे झाले. आणि मंडळाने मुलींच्या मागे कोणी आहे का, हे विचारणं सोडून दिलं. असणारच, हे आता सगळ्यांना माहीत होतं. विचारायचं ते एवढंच, की आम्ही काय उचलू?

तात्पर्य: ज्या दारातून आईला लेकरासह आत जाता येत नाही, ते दार बदलावं, लेकराची आई बदलू नये.