तपासनिसाची शिदोरी

फार पूर्वी, म्हणजे मागच्या अपडेटच्याही आधी, एका शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये घंट्या नावाचा प्रोग्रॅम राहत असे. शाळेची घंटा वाजवणं हे त्याचं काम. तिथल्या रीतीप्रमाणे प्रत्येक प्रोग्रॅमला कामावर निघताना सेटिंगची शिदोरी बांधून मिळे. एकदा घंट्याच्या शिदोरीत कुणीतरी भारताऐवजी लंडनची वेळ बांधून दिली, आणि दहाची घंटा दुपारी साडेतीनला वाजू लागली.

ओरड झाली तसे तपासणीला ऑडिटसाहेब आले. तेही प्रोग्रॅमच, पण मोठ्या घरचे. ऐसपैस बसले आणि त्यांनी स्वतःचीच शिदोरी सोडली.

"वेळ भारताची. पास!"

"साहेब, ती तुमची शिदोरी झाली," घंट्या काकुळतीला आला. "माझी जरा उघडून बघा की!"

"एकाच कॉम्प्युटरात बसलोय ना आपण? मग माझी काय नि तुझी काय!" साहेबांनी हिरवा शिक्का ठोकला आणि तृप्तीचा ढेकर देत ते निघून गेले.

घंटा निर्दोष ठरली. दुसऱ्याच दिवशी हेडमास्तरांनी पालकांना बोलावून फैलावर घेतलं, "तुमची पोरं रोज साडेपाच तास आधी येऊन बसतात, ही कुठली शिस्त?"